मुखपृष्ठ कोरं ठेवा

(वाशीमच्या बैठकीत केलेलं भाषण. संपादकांनी मागितलं म्हणून आठवलं तसं लिहून काढलं. चार-पाच शिव्या होत्या, त्या मीच गाळल्या. बाकी बोललो तसंच.)



भाषणाच्या सुरुवातीला ‘मी काही वक्ता नाही’ असं म्हणायची एक पद्धत आहे. मी ते म्हणणार नाही. सहा वर्षं गोदीत क्रेनच्या वर आवाज चढवून बोलतोय, तेव्हा घसा तयार आहे. शिक्षण दहावी. गाव मंगरुळपीर तालुक्यात. कविता करतो, त्यातल्या तीन तुमच्याच अंकात आल्या. मानधन अजून यायचंय, ते असो.

मागच्या महिन्यात संपादकांचा निरोप आला. पुढचा अंक कामावर मेलेल्या माणसांवर काढतोय. तुझ्याकडं तो फोटो आहे, चेहऱ्याचा. तो दे. मुखपृष्ठावर पूर्ण पान टाकू, रंगीत. बघणाऱ्याची झोप उडाली पाहिजे.

फोटो आत्ता माझ्या खिशात आहे. धुऊन आणलाय, पोस्टकार्डाएवढा. देणार की नाही ते सांगायला आलोय. एका शब्दात सांगता येत असतं तर फोनवर सांगितलं असतं, एसटीचं भाडं वाचलं असतं.

आधी फोटो कसा निघाला ते ऐका.

गेल्या साली पावसाळ्यात, दुपारच्या पाळीला. जहाजातून पोलादाच्या कॉइल उतरत होत्या. कॉइल म्हणजे पत्र्याचं गुंडाळलेलं बंडल, एकेक पंधरा-वीस टनांचं. खाली माझा जोडीदार उभा. तोही आपल्याच जिल्ह्यातला, रिसोड तालुक्यातला. त्याचं नाव घेत नाही. गोदीचं नाव घेत नाही, ठेकेदाराचंही घेत नाही, केस चालू आहे. तारेची स्लिंग तुटली. कॉइल खाली आली. पुढचं सांगत नाही, सांगायची गरज नाही.

मी मोबाइल काढला. रडायच्या आधी मोबाइल काढला, हे नीट ऐका. कारण मुकादमाचा पहिला प्रश्न होता, याच्याकडं आजचा पास होता का? आम्ही ठेक्यावरची माणसं. मेलेला माणूस गेटच्या बाहेर नेला की तो बाहेरच मेला, असं कागदावर लिहायला किती वेळ लागतो? म्हणून दोन फोटो काढले. पहिल्यात तो, कॉइलवर खडूनं लिहिलेला नंबर, आणि तुटलेली स्लिंग, तिचे तार विस्कटलेले. दुसऱ्यात फक्त चेहरा आणि खांदा.

पहिला का काढला ते सांगितलं. दुसरा का काढला, मला आजही सांगता येत नाही.

दोन्ही मी टोळीच्या ग्रुपवर टाकले, चौघांना. पुरावा एकाच फोनवर राहिला तर फोन फोडतील, एवढंच डोक्यात. चौघांतल्या कुणी आणखी कुणाला पाठवले, त्यानं गावाकडच्याला. पाऊण तासात दुसरा फोटो रिसोडकडं पोहोचला होता. वहिनी निंदणाला गेली होती. पुतण्या फोन घेऊन धुऱ्यावर आला न् म्हणाला, काकी, हे पाहा बरं. चेहरा ओळखू येत नव्हता. तिनं ओळखलं ते शर्टावरून. खांद्यावरची शिवण उसवली होती, तिथं काळ्या शर्टाला निळ्या दोऱ्याचा टाका तिनंच मारला होता. काळा दोरा संपला होता घरात.

माझा फोन तिला त्यानंतर गेला. मी म्हणालो, वहिनी, थोडं लागलंय त्याला. ती काहीच बोलली नाही.

पहिला फोटो वकिलाकडं गेला. तो माणूस कामावरच नव्हता, असं म्हणणारा ठेकेदार त्या नंबरानं गप्प झाला. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याखाली दावा उभा राहिला तो त्या फोटोवर. तेव्हा फोटो काढू नका, छापू नका, मेलेल्याची विटंबना होते, असं जे सोवळं बोलणं आहे ते माझ्यापुढं कुणी बोलू नये. ते बोलणं फार वेळा मारणाऱ्याच्या सोयीचं असतं.

मुंबईच्या गोदीत कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, १४ एप्रिल म्हटलं की तो दोन गोष्टी सांगतो. एक, बाबासाहेबांची जयंती. दुसरी, १९४४ चा स्फोट. फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज व्हिक्टोरिया डॉकला लागलं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, त्याच्यासोबत कापसाच्या गाठी, आणि सोन्याच्या विटा. दारूगोळ्याशेजारी कापूस ठेवायची अक्कल कुणाची, ते तुम्हीच ठरवा. दुपारी चारच्या सुमारास पहिला धडाका, अर्ध्या तासात दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकानं हादरा टिपला. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. एकूण किती मेले? कुठं आठशे लिहिलंय, कुठं तेराशे. मधली पाचशे माणसं कोण होती? मी सांगतो कोण होती. ज्यांचं नाव मुकादमाच्या वहीत पेन्सिलीनं असतं ती.

आणि लढाई चालू होती म्हणून सरकारनं बातमीच दाबली. जगाला पहिल्यांदा कळलं ते दुसऱ्या दिवशी, जपान्यांच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओवरून. इथल्या वार्ताहरांना तारा पाठवायला परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. सुधीश घटक नावाच्या कॅमेरामननं त्या आगीचं चित्रीकरण केलं होतं, ते लष्करानं जप्त केलं. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखातं बाबासाहेबांकडं होतं, त्यांचा त्रेपन्नावा वाढदिवस आणि गोदीत मजुरांची राख. सोन्याच्या विटा मात्र पुढं कित्येक वर्षं गाळ उपसताना सापडत राहिल्या, न् मोजून परत केल्या गेल्या.

फोटो नसला की काय होतं ते हे. माणसं आकड्यातसुद्धा धड बसत नाहीत.

आता उलटी बाजू. त्यासाठी मुंबईला जायला नको, आपल्या दारातच आहे.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव करत पुढं बुलडाण्यात शिरतो. आमच्या बऱ्याच लोकांनी त्यावर रोजीनं काम केलंय. त्या रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला २०२३ च्या १ जुलैला, रात्री दीडच्या सुमारास, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली न् पेटली. ३३ माणसं होती, २५ जळाली. तारीख लक्षात घ्या. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून फुटून वाशीम जिल्हा झाला. म्हणजे त्या दिवशी जिल्ह्याला बरोबर २५ वर्षं पुरी होत होती. जिल्हा न् मी एकाच वर्षाचे, म्हणून मला पाठ आहे.

त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या मोबाइलवर सतरा फोटो आले. मी मोजले. गावाकडून आले, गोदीतून आले, ज्याला मी ओळखतही नाही अशाकडून आले. कोळसा झालेली माणसं. कुणी खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलेलं, कुणी गुलाबाचं फूल. एकानं तर खाली ‘शुभ सकाळ’ टाकलं होतं, ते बहुतेक सवयीनं. आणि इकडं नातेवाइकांना आपलं माणूस कोणतं ते ओळखू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बुलडाण्यात बहुतेकांवर एकत्रच अंत्यसंस्कार झाले. विचार करा, ज्या बापाला आपल्या पोराचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही, त्याच्या फोनवर सतरा कोळसे. त्यातला माझा कोणता, असं तो रात्रभर बोटानं मोठं करकरून बघत बसला असेल.

बस डाव्या अंगावर पडली होती, म्हणजे दाराच्या अंगावर. दार खाली दबलं. वाचले ते काच फोडून बाहेर पडले. मग त्या दिवशीचा खरा फोटो कोणता? दबलेल्या दाराचा. खिडकीच्या काचेचा. माझ्या सतरा फोटोंत दाराचा एकही नव्हता. बसचा सांगाडा होता, मढी होती, मंत्र्यांच्या गाड्या होत्या. दार नव्हतं. कोळसा बघून माणूस ‘अरेरे’ म्हणतो. दार बघितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, या बसला दुसरीकडून बाहेर पडायची वाट होती का, तपासली होती का, कुणी तपासली होती? अरेरेला कुणी उत्तर द्यावं लागत नाही.

आमच्या संपादकांना म्हणून सांगतो, झोप उडवायची गोष्ट करू नका. सतरा फोटो बघून माझी झोप उडाली नव्हती. मी जेवलो होतो. पहिल्याला घास थांबला, पाचव्याला नाही थांबला.

पेपरवाल्यांसाठी प्रेस कौन्सिलचे नियम आहेत. माणूस दुःखात असताना त्याच्यावर कॅमेरा घेऊन तुटून पडू नका, असं एका वाक्यात सांगितलंय. पुढच्याच वाक्यात, अपघाताचे न् आपत्तीचे बळी जनहितासाठी दाखवता येतील. म्हणजे एका हातानं दार लावलं न् दुसऱ्या हातानं कडी काढली. मी त्याला नावं ठेवत नाही, माझीही गत तीच आहे. पण जनहित कुणी ठरवायचं? पेपरात बसलेल्यानं. आणि तो कुणाच्या बाबतीत कोणतं वाक्य वापरतो, ते बघत चला.

११ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कचे ते उंच टॉवर जळत होते, माणसं वरून उड्या टाकत होती. एका पडत्या माणसाचा फोटो दुसऱ्या दिवशी तिथल्या पेपरांत छापून आला. वाचक चिडले, आमच्या माणसाचं मरण असं दाखवता? पेपरांनी तो फोटो मागं घेतला, पुढं बरीच वर्षं फारसा छापला नाही. बरोबर केलं असेल. पण २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, काळ्या माणसांचा गरीब देश, तेव्हा त्याच अमेरिकेच्या पेपरांत रस्त्यावर पडलेल्या प्रेतांचे ढीग पानभर छापून आले. तेव्हा कुणाला अडचण झाली नाही. तिकडं गोऱ्या-काळ्याचं गणित, इकडं आपलं आपल्याला माहीत आहे. कारखानदाराचं पोर गाडीत मेलं तर पेपरात त्याचा सुटातला हसरा फोटो येतो. गटारात उतरलेला माणूस मेला तर त्याला दोरीनं वर ओढतानाचा येतो. हसरा फोटो आपल्या घरात नसतो का? असतो. आधार कार्डाचा तरी असतो. मागायला कुणी येत नाही.

भोपाळचा फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. १९८४ चा डिसेंबर, मातीत पुरलेलं मूल, उघडे डोळे, वरून एक हात. रघू रायनं काढला, पाब्लो बार्थोलोम्यूनंही काढला, तेच मूल. बार्थोलोम्यूच्या फोटोला जगातलं मोठं बक्षीस मिळालं. कंपनीचा गुन्हा जगाच्या छाताडावर बसवायचं काम त्या फोटोनं केलं, ते मी मान्य करतो, टोपी काढतो. पण ते मूल कुणाचं, हे आजवर पुढं आलेलं नाही. त्याला नाव नाही. चाळीस वर्षं ते डोळे उघडे ठेवून मोर्च्याच्या पुढं चालतंय, न् त्याला कुणी म्हणालं नाही की बाबा, झोप आता. हे चूक की बरोबर? मला विचाराल तर दोन्ही. तुम्ही टाळ्या वाजवू नका, मी काही ठोस बोललेलो नाही.

आता आपल्या घरातलं बोलतो. दुखेल.

खैरलांजी. २००६ चा २९ सप्टेंबर. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. भोतमांगे कुटुंबातले चौघं मारले, आई, मुलगी, दोन मुलगे. ही आपत्ती नव्हती, हत्याकांड होतं, पण मेलेल्याच्या फोटोचा प्रश्न तोच आहे. मोठ्या पेपरांनी कित्येक दिवस ती बातमी धड दिली नाही. आपल्या लोकांनी प्रेतांचे फोटो हातोहात फिरवले, पत्रकांवर छापले, भिंतींना लावले. मग नोव्हेंबरात विदर्भ रस्त्यावर आला. फोटो नसते तर ते प्रकरण दाबलं गेलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मी तेव्हा तिसरीत. आमच्या वस्तीतल्या एका भिंतीला तसलं पोस्टर लागलं होतं. माझी मोठी बहीण त्या पोरीच्याच वयाची. शाळेला जायची वाट त्या भिंतीवरून. दोन दिवस ती मान खाली घालून गेली. तिसऱ्या दिवसापासून मागच्या नाल्याकडून जायला लागली, चिखलातून. पोस्टर पावसानं गळून पडलं तरी तिनं ती वाट सोडली नाही. पोरीचं उघडं अंग भिंतीला लावताना वस्तीतल्या एकाही बाईला विचारलं नव्हतं. लावणारे सगळे बाप्ये होते. आपलेच होते, जिवावर उदार होऊन लढणारे होते. त्यांना मी चूक म्हणणार नाही. माझ्या बहिणीची वाट बदलली, हेही मी विसरणार नाही.

आपल्या पँथरनं १९७२ साली ज्यांच्यावरून नाव घेतलं, त्या काळ्यांच्या मुलखात १९५५ साली एक गोष्ट झाली. एमेट टिल, चौदा वर्षांचं पोर, शिकागोहून मिसिसिपीला नातेवाइकांकडं गेलेलं. गोऱ्यांनी हालहाल करून मारलं, नदीत टाकलं. मढं घरी आलं तेव्हा चेहरा चेहरा राहिला नव्हता. त्याच्या आईनं, मेमी टिलनं, पेटीचं झाकण उघडं ठेवायला लावलं. हजारो लोकांनी बघितलं. ‘जेट’ नावाच्या काळ्यांच्या मासिकानं फोटो छापला, न् तिथला सगळा काळा समाज हादरून उठला. हे उदाहरण आपण सारखं देतो, संपादकांनी मलाही दिलं. पण देताना एक गोष्ट गाळतो. झाकण आईनं उघडं ठेवलं. छायाचित्रकारानं नाही, संपादकानं नाही, चळवळीच्या सेक्रेटरीनं नाही.

म्हणून परवा मी रिसोडकडं गेलो.

वहिनी दारात सोयाबीन वाळवत होती. मी तिथंच बसलो. विषय काढता येईना. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, भावाचं झालं, यंदा सोयाबीनला काय भाव मिळतोय ते आपल्याला माहीतच आहे. शेवटी सांगितलं. वहिनी, आपल्या पोरांचा अंक निघतो, त्यांना त्याचा फोटो पाहिजे, पहिल्या पानावर. मला वाटलं रडेल, नाहीतर हाकलून देईल. ती म्हणाली, “मले दाखवा पयले. तवा त्या पोट्टयाच्या फोनात धड दिसलंच नाही.”

दोन्ही फोटो तिच्या हातात दिले. ओढणीला हात पुसून तिनं घेतले. चेहऱ्याचा फार वेळ बघितला. त्या टाक्यावर बोट ठेवलं न् काढलं. मग दुसरा. त्यात तिनं त्याला नाही बघितलं, कोपऱ्यात बघत राहिली.

“भाऊ, हे काय हाय?”

“स्लिंग. तारेचा दोर. हाच तुटला.”

“आदीच तुटेल दिसते थो. हे तार पाहा न, गंजले हायत. एका दिवसात गंजते का?”

सहा वर्षं मी गोदीत आहे. कॉलेज शिकलेला वकील आहे. तो फोटो आम्ही शंभरदा बघितला. कॉइलचा नंबर बघितला, मढं बघितलं, माणूस हजर होता की नव्हता एवढंच भांडत बसलो. दोर मरणाच्या आधीचा गंजलेला आहे, हे आमच्यातल्या एकालाही दिसलं नाही. ते तिला दिसलं. बाजेची सुंभं बदलणारी, विहिरीचा दोर रोज हातानं तपासणारी बाई ती. मी तिथूनच वकिलाला फोन लावला.

“हे छापा न मंग,” ती म्हणाली. “हे मोठं करून छापा.”

मी विचारलं, आणि चेहऱ्याचा?

ती उठली, सोयाबीनवर पाय फिरवला, खालचे दाणे वर केले. पाठमोरीच म्हणाली, “थो मले काहून इचारता? त्याची माय हाय न जित्ती. तिनं अजून पाह्यला नाही थो फोटो. आमी पाहू देल्ला नाही. तिले इचारा.”

म्हातारी लेकीकडं गेलीय, सोंगणीला, मालेगावकडच्या एका खेड्यात. आपलं मालेगाव, नाशिकचं नव्हे. मढं गावी आणलं तेव्हाही तिला तोंड दाखवलं नव्हतं, कापड वर केलं नव्हतं. आता मी तिच्यापुढं जाऊन काय म्हणू? माय, तुझ्या पोराचं तोंड बघ, न् मग सांग लोकांना दाखवू का? की न दाखवताच विचारू? न दाखवता विचारणं म्हणजे लबाडी. दाखवून विचारणं म्हणजे काय, त्याला मला शब्द सापडत नाही, न् मी स्वतःला कवी म्हणवतो.

तेव्हा संपादक, दोराचा फोटो हा घ्या. वहिनीनं दिलाय, मी नाही. त्यातला तो दिसतो तेवढा भाग कापा, दोर न् खडूचा नंबर ठेवा, आतल्या पानावर मोठा छापा, खाली वहिनीचं वाक्य टाका, तिच्याच बोलीत, शुद्ध करत बसू नका. दुसरा खिशातच राहील. उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं मी मालेगावला जातोय. म्हातारी शेतातून संध्याकाळी परत येते म्हणे, म्हणजे मुक्काम पडणार. छापखाना थांबत नसेल तर मुखपृष्ठ कोरं ठेवा. आणि कुणाकडं दोनशे रुपये असतील तर द्या, परतीच्या भाड्याचे कमी पडतायत.